वायझॅगची ट्रिप आखायची तर दिवस पहाटेपासून धरा

विशाखापट्टणमला, म्हणजे सगळे म्हणतात तसं वायझॅगला जायचं हे आमच्या घरात बरेच दिवस नुसतं बोलण्यात होतं. आईबाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आईचं माहेर गुहागरकडचं त्यामुळे तिला समुद्र हवाच, बाबांना नेव्हीचं सगळं बघायचं होतं आणि सिंहाचलमचं दर्शन घ्यायचं होतं, मुलांना काचेच्या छताची ट्रेन, आणि नवऱ्याची एकच अट की रोज उठून बॅगा भरायला लावू नकोस. मला हे आखणीचं काम मनापासून आवडतं, तासन्‌तास करू शकते, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. करता करता जे कळत गेलं ते लिहून ठेवतेय, आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागली ती म्हणजे हा समुद्र पूर्वेला आहे. वाचायला साधं वाटतं पण आपल्या सगळ्या सवयी पश्चिमेच्या समुद्राच्या असतात. गणपतीपुळे असो, तारकर्ली असो, गोवा असो, सकाळी निवांत उठायचं, दुपारी मासे खाऊन झोपायचं, चारला चहा घ्यायचा आणि मग सूर्यास्ताला बीचवर जायचं. वायझॅगला सूर्य समुद्रातून वर येतो आणि मावळतो गावामागच्या डोंगरांकडे. त्यात अख्ख्या देशाचं घड्याळ एकच, पण वायझॅग पुण्याच्या साधारण साडेनऊ अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य पुण्यापेक्षा जवळजवळ ३७-३८ मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात तिथे साडेसहाच्या आत सूर्योदय होतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो, सहाला चक्क अंधार. आपल्या हिशोबाने पाचला हॉटेलवरून निघालं की बीचवर बसेबसेपर्यंत दिवस संपलेला.

हे कळल्यावर मी आधी केलेला सगळा कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येक दिवस पहाटे साडेपाचपासून लिहायला घेतला. दुपारी दोन ते चार पूर्ण मोकळे, आईबाबांच्या झोपेसाठी, आणि रात्री नऊला सगळे आडवे. नवऱ्याला सुट्टीत पहाटे उठायची कल्पना अजिबात पटत नव्हती, त्याला म्हटलं दुपारी तू हवा तेवढा झोप, पहाट तेवढी मला दे.

मग महिना. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं असं पहिल्यांदा वाटलेलं, ते दोन कारणांनी कटाप झालं. एक तर उकाडा, बंगालच्या उपसागराच्या काठचा मे महिना म्हणजे घामाच्या धारा, आईबाबांना झेपला नसता. दुसरं आईच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. पूर्व किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. आपल्याकडे ती जूनमध्ये लागते त्यामुळे मे महिन्यात कोकणात गेलेल्या माणसाला ताजे मासे मिळतात आणि तो तसंच धरून चालतो, तिकडे मात्र मोठ्या बोटी मे महिन्यात सगळ्या धक्क्याला बांधलेल्या. जुलै-ऑगस्ट पावसाचे. ऑक्टोबर दिसायला छान, दिवाळीची सुट्टीही जोडून मिळते, पण तो या किनाऱ्याचा वादळाचा काळ. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ ला थेट वायझॅगवरच आलं होतं, विमानतळाच्या छताची दुर्दशा झाली होती आणि कैलासगिरीच्या डोंगरावरची झाडं भुईसपाट. दरवर्षी असं होतं असं नाही, पण वयस्कर माणसं बरोबर असताना आणि तिकिटं दोन महिने आधी काढायची असताना मला तो धोका घ्यायचा नव्हता. शिवाय दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगाली लोक अराकूला, म्हणजे वायझॅगजवळच्या डोंगरातल्या थंड हवेच्या ठिकाणी, मोठ्या संख्येने येतात, खोल्या मिळणं अवघड होतं.

उरले डिसेंबर आणि जानेवारी. त्यातही नाताळचा आठवडा नको म्हटलं कारण सगळीकडे गर्दी आणि भाव चढलेले. आणि ४ डिसेंबर हा नौदल दिन, वायझॅगला त्याची प्रात्यक्षिकं बीचसमोर होतात, जहाजं, हेलिकॉप्टरं, कमांडो. बाबांना ते बघायची फार इच्छा होती पण मुख्य कार्यक्रम दरवर्षी तिथेच होतो असं नाही, २०२३ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात झाला, २०२४ मध्ये पुरीला. तारीख आणि जागा पक्की माहीत नसताना त्यावर ट्रिप बांधण्यात अर्थ नव्हता, आणि असला की बीच रोड बंद, गर्दी प्रचंड, आईच्या गुडघ्यांना दोन तास उभं राहणं शक्य नाही. बाबांनी स्वतःच म्हटलं राहू दे. मग मुलांची युनिट टेस्ट संपल्यानंतरचा डिसेंबरचा मधला आठवडा ठरला, शाळेत चिठ्ठी दिली.

तिकिटांचं सांगते. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस संध्याकाळी मिळते, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायझॅगला. आणि येताना वायझॅगहूनच सुटणारी लोकमान्य टिळक टर्मिनसची गाडी रात्री उशिरा निघते, त्यामुळे शेवटचा अख्खा दिवस हाताशी राहतो. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, घरातल्या मोठ्यांना अजून चार महिनेच डोक्यात असतात. सकाळी आठला खिडकी उघडते तेव्हा बसायचं. आणि एक फार कामाची गोष्ट, आईबाबांचं तिकीट वेगळं काढलं. सीनियर सिटिझन आणि ४५ वरच्या बायकांसाठी लोअर बर्थचा जो कोटा असतो तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर लागतो, सगळ्यांना एकाच तिकिटावर घातलं तर नुसती पसंती टिक करता येते, मिळेलच असं नाही. वेगळ्या तिकिटावर दोघांनाही खालचे बर्थ मिळाले, डबा तोच आला.

विमानाने का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. वेळ वाचतो हे खरं, पण आम्हाला गाडीच हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल लागतो, इतका लांब की संपतच नाही, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर जिचा उगम आपण ओंजळीत घेतो तीच ही नदी हे बाबा मुलांना सांगत होते आणि धाकटी खिडकीला नाक लावून बसली होती. हे विमानातून कसं दाखवणार.

आता अराकू, सगळ्या आखणीचा कणा. वायझॅगहून किरंदुलला जाणारी एक गाडी सकाळी सातच्या आत निघते आणि पूर्व घाट चढून साधारण चार तासांत अराकूला पोचते. तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो. आपण तो आता डेक्कन क्वीनला बघतो पण देशातला पहिला व्हिस्टाडोम याच वायझॅग-अराकू मार्गावर एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाला, रेल्वेमंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते. सीटा मोजक्या, मागणी भरपूर. म्हणून मी उलटं केलं, आधी व्हिस्टाडोमचं तिकीट ज्या दिवसाचं मिळेल ते घ्यायचं आणि मग उरलेले दिवस त्याच्या मागेपुढे लावायचे. हॉटेलचं फायनल त्यानंतर. शनिवार-रविवार टाळला कारण कार्तिक महिन्यापासून तिकडचे लोक वनभोजनाला, पिकनिकला डोंगरात निघतात आणि थंडीभर वीकेंडला अराकूच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते.

आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अराकू ठेवायचा नाही हे पक्कं केलं. पंचवीसेक तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला लगेच पहाटे पाचला उठवून परत ट्रेनमध्ये बसवायचं हे चांगलं नाही. मधे एक दिवस नुसता समुद्र.

जाताना ट्रेन आणि येताना टॅक्सी हे बरेच लोक करतात, आम्हीही तेच केलं. टॅक्सीवाल्याला सकाळी अराकू स्टेशनवर बोलावून घ्यायचं, दिवसभर फिरून येताना बोर्रा गुहा बघायच्या आणि घाटरस्त्याने खाली. गाडी ठरवताना फोनवर सगळं बोलून घेतलं, घाटाचा वेगळा आकार आहे का, टोल-पार्किंग कुणाचं, रिकामी गाडी वर येण्याचे पैसे धरलेत का, आणि ते सगळं मेसेजमध्ये लिहून मागितलं. भाषेची मला काळजी होती कारण आमच्यातल्या कुणालाच तेलुगू येत नाही, पण पर्यटनाच्या धंद्यातले लोक कामापुरती हिंदी व्यवस्थित बोलतात.

त्या रेल्वेमार्गाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला तो इतका आवडला की ट्रिपमधली कुठलीही दुसरी गोष्ट सोडायला सांगितली असती तर सोडली असती, ही नाही. हा मार्ग मुळात आपल्यासाठी बांधलेलाच नाही. बस्तरमधल्या बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज वायझॅगच्या बंदरात आणून जपानला पाठवायचं यासाठी १९६० च्या दशकात तो डोंगर फोडून काढला. त्यामुळे वर चढताना मधेमधे आपली गाडी थांबते आणि समोरून लाल मातीने माखलेल्या वाघिणींची मालगाडी उतरते, डबे मोजता मोजता मुलं थकली. चढणीवर ५८ बोगदे. पहिल्यांदा मुलं ओरडली, दुसऱ्यांदा ओरडली, मग ते एक ठरूनच गेलं की अंधार झाला की अख्खा डबा ओरडणार, आजीआजोबांसकट. मधेच बोगद्यातून बाहेर आलं की बाजूला दरी आणि तिच्यात ढग बसलेले. शिमिलिगुडा स्टेशन लागतं, उंची जवळजवळ एक हजार मीटर, एके काळी देशातलं सगळ्यात उंच ब्रॉडगेज स्टेशन म्हणून त्याचं नाव होतं. थंडी वाजते तिथे, खरोखरची, आणि खाली वायझॅगला पंखा लावून झोपलेलो असतो त्यामुळे स्वेटर घ्यायचं लक्षात राहत नाही. मी आदल्या रात्री सगळ्यांचे स्वेटर एका पिशवीत घालून ती पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती.

बोर्रा गुहांबद्दल आखतानाच आईशी स्पष्ट बोलले. चुनखडीच्या गुहा, प्रचंड मोठ्या, छतातून लवणस्तंभ लोंबतात, पण खाली उतरायला पायऱ्या भरपूर, पाण्याने ओल्या, आणि उतरलं की चढायचंही असतं. तिने पहिला मोठा टप्पा उतरायचा आणि तिथून वर यायचं असं ठरलं. पहिल्याच दालनात गुहेची उंची डोळ्यात मावत नाही इतकी आहे त्यामुळे तिला काही राहिलं असं वाटलं नाही. बाहेर बांबू चिकनवाले बसलेले असतात, बांबूच्या नळीत मसाला लावलेलं चिकन भरून पानांनी तोंड बंद करून निखाऱ्यावर भाजतात, तेल नाही काही नाही. बाबा शाकाहारी म्हणून त्यांच्यासाठी डबा बरोबर होता. खाली उतरताना अनंतगिरीकडे रस्त्याला लागून कॉफीचे मळे आहेत, उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले. अराकूच्या कॉफीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. घरी आणायची असेल तर पावडर किती बारीक हवी ते सांगून दळून घ्या, आपण फिल्टर वापरत नाही आणि मग ती घरात पडून राहते.

राहायचं कुठे यावर बरेच दिवस गेले. तीन पर्याय होते. स्टेशनजवळ द्वारकानगर, सोयीचं आणि स्वस्त पण समुद्र दिसत नाही. ऋषिकोंडा, सुंदर, शांत, पण स्टेशनपासून पंधराएक किलोमीटर, प्रत्येक गोष्टीला गाडी हवी. आणि रामकृष्ण बीच, म्हणजे आरके बीच, शहरातच, समोर लांबलचक फिरायला जागा. आईबाबांचा विचार करून आरके बीच घेतलं. तिथे पहाटे बीच रोडवर काही वेळ वाहनं बंद ठेवतात, त्यामुळे म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून निर्धास्त चालतात. आमच्या पहाटेच्या हिशोबात ते एकदम बसलं.

हॉटेलच्या बाबतीत एक सांगते. 'सी व्ह्यू' या शब्दावर विश्वास ठेवू नका. एका हॉटेलचे फोटो इतके सुंदर होते की मी बुक करणारच होते, मग फोन करून विचारलं की खोली कितव्या मजल्यावर, बाल्कनी समुद्रासमोर आहे का बाजूला, तर उत्तर मिळेना. म्हटलं खोलीत उभं राहून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवा. आला तो व्हिडिओ, बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवली तर दोन बिल्डिंगच्या मधून निळी पट्टी. भाडं पूर्ण सी व्ह्यूचं. नाही घेतलं. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने न मागता लिफ्ट, बाथरूम, बाल्कनी सगळं दाखवलं, तिथे घेतलं.

पाण्यात उतरण्याबद्दल मात्र मी कडक होते. आरके बीच दिसायला मोकळा पण तिथे एकदम खोल होतं, लाट परतताना ओढ जबरदस्त असते, तिथे आणि यारडा बीचला बुडण्याच्या घटना घडतात. आई कोकणातली, तिने पहिल्या सकाळी लाटेकडे पाहूनच सांगितलं की इथे पोरांना घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. मुलांची आंघोळ ऋषिकोंडाला ठेवली, त्या बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं होतं, लाइफगार्ड असतात, कपडे बदलायची जागा आहे. तिथेही लाइफगार्डला विचारूनच. ऋषिकोंडाला जोडून पुढे भीमिली गावापर्यंतचा रस्ता त्याच दिवशी केला, समुद्र सतत उजव्या हाताला, आणि भीमिलीला डचांची जुनी दफनभूमी आहे ती मला बघायची होती म्हणून मी ती त्या दिवसात घातली.

पाणबुडी कुरसुरा आरके बीचवरच वाळूत ठेवली आहे. १९६९ मध्ये नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त, आणि २००२ पासून संग्रहालय. सोमवारी बंद, आणि इतर दिवशी दुपारनंतर, फक्त रविवारी सकाळीही. आमच्या पहाटेच्या वेळापत्रकात हीच एक दुपारची जागा होती, म्हणून दुपारची झोप झाल्या झाल्या चारला नेलं. समोरच टीयू-१४२ हे टेहळणीचं विमान आहे, दोन्ही एका फेरीत होतात. पाणबुडीत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दारं आहेत, ती जमिनीपासून चांगली वर, आधी एक पाय पलीकडे टाकायचा, मग कमरेत वाकून डोकं आणि मग दुसरा पाय. मी आधीच व्हिडिओ बघून आईला दाखवला होता, ती म्हणाली मी बाहेर बाकावर बसते. बाबा गेले. १९७१ च्या युद्धात ही पाणबुडी होती, आणि पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच किनाऱ्यासमोर बुडाली. बाबा तेव्हा शाळेत होते, ब्लॅकआउटला खिडक्यांना काळे कागद लावलेले त्यांना आठवतात. आत माहिती देणारे निवृत्त नौसैनिक असतात, एकाशी बाबा इतके बोलत राहिले की मागची रांग पुढे निघून गेली. टॉर्पेडोच्या शेजारी अंगाला अंग घासेल अशा बंकवर माणसं झोपायची, तो बंक त्यांनी हाताने दाबून पाहिला आणि बराच वेळ हात काढला नाही.

सिंहाचलमसाठी वार बघून जा, शनिवारी गर्दी असते. वराह लक्ष्मी नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, लेपाचा आकार पिंडीसारखा दिसतो, आणि मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं. हे आधी माहीत असेल तर आत गेल्यावर माणूस मूर्ती शोधत राहत नाही. बाबांना मी तसं सांगून ठेवलं होतं, ते शांतपणे हात जोडून उभे राहिले.

आईसाठी एक पहाट फिशिंग हार्बरची ठेवली होती. उजाडताना बोटी लागतात, फरशीवर ढीग पडतात आणि लिलाव सुरू. भाव तेलुगूत, आईला एक अक्षर कळत नव्हतं, पण माशाचं गालफड उचलून लाल आहे का बघायचं ते तिथेही तसंच. सुरमईला तिकडे वंजरम म्हणतात, एवढी मोठी सुरमई तिने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. एका कोळणीने तिला बसायला टोपली उलटी करून दिली, दोघी खुणांनी बोलल्या. चपला रबरी घाला, खाली सगळं पाणी असतं.

जे वगळलं तेही सांगते. वनजंगी आणि लंबासिंगी, ढगांचा समुद्र बघायला हल्ली सगळे जातात, पण त्यासाठी मध्यरात्री निघून अंधारात चढायचं, आईबाबांबरोबर नाही. कैलासगिरीला संध्याकाळऐवजी सकाळी गेलो, रोपवेने वर, तिथून किनाऱ्याची वळणं भीमिलीच्या दिशेने लांबवर दिसतात. डॉल्फिन नोज या समुद्रात घुसलेल्या डोंगराचं टोक खालूनच बघितलं. खाण्याची यादी मी केली नव्हती, रस्त्यावर विचारत गेलो, पेसरट्टू म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा सकाळी, दुपारी साधं मील्स म्हणजे भाताची थाळी, त्यात गोंगुराची म्हणजे अंबाडीची चटणी, भाताबरोबर तूप घालूनच खा नाहीतर तिखट सोसत नाही. जायच्या दिवशी माडुगुलाचा हलवा घेतला. रात्रीच्या गाडीला वेळ होता म्हणून हॉटेलला अर्ध्या दिवसाचं जादा भाडं देऊन एक खोली ठेवली, आईबाबा संध्याकाळभर तिथे पडले. हे पैसे आधीच बजेटमध्ये धरा, वयस्कर माणसं बरोबर असतील तर बाकी कुठे काटकसर केली तरी इथे करू नका.